भांडे त्यांचे, झाकण आमचे

"तळमजला," धाकटी म्हणाली, आणि एखादी पदवी उच्चारावी तसा तिने तो शब्द पुन्हा उच्चारला. "ताई, तळमजला! एक पायरी नाही. दार उघडलं की अंगण."

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. तिच्याच बैठकीच्या खोलीत हे बोलणे चालले होते. थोरलीने धाकटीचे दोन्ही हात हातात घेतले. धाकटीचे गुडघे गेली काही वर्षे तिला दगा देत होते आणि ती लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत होती. भाजी आणायला उतरायचे तरी आदल्या दिवसापासून मनाची तयारी करावी लागे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की गुडघे टिकवायचे असतील तर जिने सोडा. दोन्ही एकदम टिकणार नाहीत.

"आणि पैशाची सोय?" थोरलीने विचारले.

"पंपांनी केली!" धाकटीचे यजमान खळखळून हसले. "आयुष्यभर मी पंप विकले, आता पंप मला घर घेऊन देतायत. कंपनीने वेळोवेळी दिलेले शेअर, त्यावर बोनस, बोनसवर बोनस. मोजले तर दोन हजार निघाले. विकले की घराचे पैसे उभे. विसार देऊन टाकलाय."

थोरलीने त्यांच्याकडे अशा कौतुकाने पाहिले, की खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या तिच्या नवऱ्याने वर्तमानपत्राची घडी उगीचच पुन्हा घातली.

हे गृहस्थ तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन बाहेर पडले आणि जन्मभर कारखान्यांच्या गेज-रूममध्ये मापे तपासत राहिले. केसाच्या विसाव्या भागाइतकी चूक त्यांच्या हातून निसटत नसे. कारखान्यात असतानाच साडूने त्यांचे नाव 'मायक्रोमीटर' ठेवले. पुढे त्याचे आदराने 'मायक्रोभाऊ' झाले आणि आता सगळे नातेवाईक त्यांना त्याच नावाने ओळखत. स्वतःचे खरे नाव त्यांना फक्त बँकेत ऐकू येई.

"मग आजच विकून टाका की ते शेअर," थोरली म्हणाली.

"घरमालक तीन महिन्यांनी जागा सोडणार आहे, खरेदीखत तेव्हाच. मधे लाभांशही येतोय. आणि खरं सांगू, ताई? हात होत नाही. इतकी वर्षं घरात आहेत, लेकरांसारखे झालेत." साडू खुर्ची ओढून मायक्रोभाऊंच्या जवळ सरकले. "पण एक विचारायचं होतं. तुम्ही त्या ऑप्शनमधले जाणकार. तीन महिन्यांत भाव कोसळला तर आमचा तळमजला गेला. यावर काही विमा असतो म्हणतात. खरं का?"

खरे होते. उत्तर एका वाक्याचे होते. पुट नावाचा एक हक्क बाजारात मिळतो: थोडा हप्ता भरायचा, आणि मग भाव कितीही पडला तरी आपला शेअर ठरलेल्या भावाला विकता येतो. भाव पडला नाही तर हप्ता गेला, विम्याचा जातो तसा. हे वाक्य मायक्रोभाऊंच्या ओठांपर्यंत आलेही होते. तेवढ्यात थोरली उठून आत गेली आणि जाता जाता म्हणाली, "बघा, शिकावं माणसाने. कुठे खटपट नाही, गणित नाही, आणि म्हातारपणी घर!"

"तुम्हाला कशाला हवा विमा?" मायक्रोभाऊ साडूंना म्हणाले. "हप्ता फुकट जातो. आणि तुमचा शेअर आजवर कधी पडलाय?"

"तुम्ही म्हणताय म्हणजे झालं," साडू म्हणाले, आणि निश्चिंतपणे चहा प्यायले.

पाहुणे गेल्यावर थोरलीने कप उचलले. "गप्प का?"

"गप्प कुठे? विचार करतोय. सगळी मालमत्ता एकाच कंपनीत ठेवणं हा शुद्ध अडाणीपणा आहे."

"पोटात दुखतंय का?"

"पित्त झालंय."

हा प्रश्न आणि हे उत्तर या घरात नवे नव्हते. साडूंना पदोन्नती मिळाली तेव्हा पित्त झाले होते, साडूंची मुलगी परीक्षेत पहिली आली तेव्हा झाले होते, आणि साडूंचे केस सत्तरीकडे झुकतानाही काळे राहिले याचे तर जुनाट पित्त होते.

वाईट एवढेच, की हा साडू त्यांनी स्वतः शोधून आणला होता. दोघे एकाच पंपाच्या कारखान्यात होते. मायक्रोभाऊ गेज-रूममध्ये, आणि तो पोरगेला, हसतमुख माणूस माल रवाना करण्याच्या खात्यात; विक्रीकडे तो पुढे गेला. मुलगा सरळ आहे, व्यसन नाही, असे सासऱ्यांना छातीठोकपणे सांगून त्यांनीच मेहुणीचे लग्न जुळवले. लग्न ठरले त्या दिवशी 'अरे, इकडे ये' म्हणण्याचा हक्क संपला. 'तू' होता तो 'तुम्ही' झाला. त्यानंतर वर्षभरात मायक्रोभाऊंना दुसऱ्या कारखान्यात वरचे पद मिळाले. जाताना कंपनीने दिलेले शेअर त्यांनी विकले आणि त्या पैशांत स्कूटर घेतली. रीतसर विचार करून, तीन मॉडेलांची तुलना करून घेतली. ती स्कूटर भंगारात जाऊनही आता जमाना झाला. साडूंनी मात्र शेअर विकले नाहीत. विकले नाहीत याचे कारण दूरदृष्टी नव्हती. कागद कुठे ठेवलेत हेच त्यांना आठवत नव्हते. जुनी ट्रंक रंगवायला काढली तेव्हा अस्तराखाली सापडले.

मायक्रोभाऊंच्या पोटशुळाचे मूळ इथे होते. पद्धतशीर माणसाला स्कूटर मिळावी आणि विसराळू माणसाला तळमजला, हे गणित त्यांच्या डोक्यात बसत नव्हते.

निवृत्तीनंतर त्यांनी शेअरबाजाराचा अभ्यासही गेज-रूमच्याच शिस्तीने केला. एका कागद गिरणीचे आणि एका बँकेचे शेअर ते कित्येक वर्षे धरून होते, आणि त्यांच्यावर दर महिन्याला कॉल विकत. थोरलीला त्यांनी हे समजावून सांगितले होते: "आपला शेअर आपल्याकडेच. पण कुणाला वाटत असेल की तो फार वर जाणार, तर त्याच्याकडून आपण विसार घ्यायचा. त्या भावापर्यंत गेला तर शेअर त्याचा. नाही गेला तर शेअरही आपला, विसारही आपला. हातात शेअर असतो, म्हणून याला कव्हर्ड कॉल म्हणतात. कव्हर्ड म्हणजे झाकलेला."

"आपलं ठेवायचं झाकून," थोरली म्हणाली होती, "आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून."

"चेष्टा नको. इथे एकच नियम आहे. झाकण भांड्याएवढं हवं. लहान झालं तर दूध उघडं पडतं. मोठं झालं तर ते झाकण नव्हे, जुगार."

हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा सांगितले होते, की थोरली ते स्वयंपाकघरातही वापरत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायक्रोभाऊंनी दलालाच्या कचेरीत फोन केला. बटण दाबून सौदा करणे त्यांना आवडत नसे; समोरच्याने सौदा शब्दन्‌शब्द पुन्हा वाचून दाखवला म्हणजेच त्यांचे समाधान होई. कचेरीतली डीलर मुलगी त्यांना चांगली ओळखत होती.

"पंप कंपनीचा पुट," ते म्हणाले. "तीन महिन्यांचा."

"सर, पंप कंपनीचे शेअर तुमच्या खात्यात दिसत नाहीत."

"नाहीतच."

"मग नुसताच पुट?"

"नुसताच."

"म्हणजे पडेल असं वाटतंय तुम्हाला?"

"वाटत काही नाही. सावधगिरी."

"कुणाची, सर?"

"तुम्ही सौदा लिहा," मायक्रोभाऊ म्हणाले. मुलीने अधिक चौकशी केली नाही. "किती लॉट?"

त्यांच्या मनात एकच होता. पडला तर मनातल्या मनात हसण्यापुरता एक लॉट पुरेसा होता. परंतु हाताची सवय मनाच्या आधी चालते. अडीचशे शेअरचा एक लॉट, साडूंचे शेअर दोन हजार.

"आठ," ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आले, की वर्षभर कॉल विकून जमवलेला सगळा विसार त्यांनी एका सकाळी खर्च केला होता; आणि दुसऱ्याच्या घराचा विमा काढून आता आगीची वाट पाहत बसायचे होते.

आग आधी लागलीच नाही. पहिल्या महिन्यात शेअर वर चढला. साडूंनी फोन करून सांगितले, "बरं झालं तुमचं ऐकलं. हप्ता वाचला!" मायक्रोभाऊंनी 'अरे वा' म्हटले आणि त्या रात्री जेवण कमी घेतले. थोरलीने विचारण्याआधीच त्यांनी पित्ताची गोळी मागितली.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी बातमी आली. परदेशी पाठवलेल्या मोठ्या पंपांच्या ओतीव भागांना तडे गेले होते. सगळा माल परत येणार होता आणि पुढची मागणी रद्द झाली होती. शेअर पहिल्या दिवशी कोसळला, दुसऱ्या दिवशी आणखी, आणि मग रोज थोडाथोडा, जिना उतरणाऱ्या माणसासारखा, प्रत्येक पायरीवर थांबत, पण खालीच.

मायक्रोभाऊ रोज सकाळी पडद्यासमोर बसत आणि पुटची किंमत वाढताना पाहत. ओतकामाला तडे गेले, याचेही त्यांना एक वेगळे समाधान होते. आपण असतो तर तो माल गेटबाहेर गेला नसता. साडूने पंप विकले, पण तपासले कुणी? हा प्रश्न ते मनात साडूंना रोज विचारत आणि साडू मनात रोज निरुत्तर होत.

प्रत्यक्षातले साडू एकदाच फोनवर भेटले. "आता विकावं का, मायक्रोभाऊ?"

"आत्ताच्या भावाला घराचे पैसे उभे राहतात का?"

"नाही. पाव भाग कमी पडतोय."

"मग थांबा. सावरेल," मायक्रोभाऊ म्हणाले. आणि हे खोटे बोलताना आपला आवाज किती सरळ निघाला, याचे त्यांनाच आश्चर्य वाटले.

खरे तर त्यांच्या पद्धतीप्रमाणे त्यांनी पुट केव्हाच विकून फायदा खिशात टाकायला हवा होता. मुदतीच्या तोंडावर काही उघडे ठेवायचे नाही, हा त्यांचा दुसरा नियम. पण ते विकत नव्हते. आणखी थोडे, आणखी थोडे. फायद्याचा आकडा पुरेसा झाला होता; साडूंचे पडणे अजून पुरेसे झाले नव्हते.

त्या आठवड्यात थोरली धाकटीकडे जाऊन आली. आल्यावर चप्पल काढून तशीच दारात बसून राहिली.

"घरमालक म्हणतो, महिनाअखेर खरेदीखत नाही तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. विसारही परत नाही. धाकटी हसून दाखवत होती. मी निघाले तर म्हणाली, 'ताई, तुला खालपर्यंत सोडायला येत नाही हं, परत चढता येत नाही आता.' पहिल्यांदा असं म्हणाली ती."

"बाजार आहे," मायक्रोभाऊ म्हणाले. "चढउतार व्हायचेच."

"चढउतारच तर होत नाही तिला!"

या कोटीवर ती स्वतःच रडली. मायक्रोभाऊंनी तिला पाणी आणून दिले. पोटात त्यांना खरोखरच काहीतरी टोचत होते, आणि नेहमीचे औषध त्यावर लागू पडत नव्हते.

पुटची मुदत पुढच्या आठवड्यात शुक्रवारी संपणार होती. सोमवारी सकाळी मायक्रोभाऊ अंघोळीला गेले आणि फोन टेबलावर राहिला. त्यांची अंघोळ म्हणजे ठरलेला कार्यक्रम. तो मध्येच तोडण्याची सोय नव्हती. फोन वाजला तो थोरलीने घेतला.

"मॅडम, सरांना निरोप द्याल का?" डीलर मुलगी घाईत होती. "पंप कंपनीच्या आठ पुटची मुदत शुक्रवारी संपतेय. बाजारात आता त्याला गिऱ्हाईक नीट मिळत नाही, विकायला गेलो तर बरंच सोडावं लागेल. शेअर दिले तर मात्र ठरलेला पूर्ण भाव मिळेल. पण दोन हजार शेअर लागतील, आणि सरांच्या खात्यात एकही नाही."

थोरलीच्या डोळ्यांपुढे सगळे एकदम उभे राहिले. पुट म्हणजे विमा, हे तिला नवऱ्याने कित्येक वेळा समजावले होते. दोन हजार हा आकडा तर ती तीन महिने झोपेतही ऐकत होती.

"शेअर आहेत ना," ती म्हणाली. "आमच्या धाकटीकडे आहेत. अहो, भांडं तिच्या घरी आहे, झाकण आमच्याकडे!"

मायक्रोभाऊ टॉवेल गुंडाळून बाहेर आले तेव्हा ती फोन छातीशी धरून उभी होती आणि तिचे डोळे भरले होते.

"एका शब्दाने बोलला नाहीत."

"काय झालं?"

"दोन हजारांचा विमा. बरोबर दोन हजारांचा! एक कमी नाही, एक जास्त नाही. साडूंना म्हणालात, 'हप्ता फुकट जातो', आणि स्वतःच्या खिशातून भरलात. मी मेली तुम्हाला इतकी वर्षं पोटदुखीवरून टोचत राहिले."

अंगावरून पाणी गळत होते. खाली फरशीवर त्याचे थारोळे झाले होते. ही बाई आपल्याकडे असे कधी पाहत होती, हे मायक्रोभाऊंना आठवेना. असे ती पाही, पण ते नेहमी दुसऱ्याच खुर्चीकडे. याही वेळी खुलासा एका वाक्याचा होता.

"कुणाला सांगितलंस?" त्यांनी विचारले.

"धाकटीला. लगेच! संध्याकाळी येतायत दोघं."

"ती कशाला जिने चढते?"

"मीही तेच म्हणाले. तर म्हणते, भाऊजींसाठी चढेन."

मायक्रोभाऊंचे घर पहिल्या मजल्यावर होते. संध्याकाळी ते दारात उभे राहिले आणि त्यांनी धाकटीला येताना पाहिले. एका हाताने कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती चढत होती. साडू एक पायरी मागे होते, हात पुढे करून, पण तिला न धरता. धरलेले तिला आवडत नसावे. वर पोहोचल्यावर ती "भाऊजी," एवढेच म्हणाली आणि थोरलीच्या खांद्यावर डोके टेकून उभी राहिली.

चहा झाला. बहिणी आत जाऊन तळमजल्याच्या पडद्यांचा रंग ठरवू लागल्या. साडू उठून गॅलरीत आले आणि मायक्रोभाऊंना त्यांच्या मागे जावे लागले.

खाली एक माणूस बंद पडलेल्या स्कूटरला किका मारत होता.

"मी विचारलं तेव्हा तुम्ही नको म्हणालात," साडू म्हणाले.

"म्हणालो."

"आणि मग घेतलात."

"घेतला."

"भाव पडल्यावर मी विकू का विचारलं, तर थांबा म्हणालात. विमा आहे हे तेव्हाही नाही सांगितलंत."

मायक्रोभाऊंनी कठड्यावरची धूळ बोटाने पुसली. खालची स्कूटर एकदा फुरफुरली आणि पुन्हा बंद पडली.

"मायक्रोभाऊ, मी जन्मभर पंप विकले. गिऱ्हाईक स्वतःच्या विहिरीसाठी घेतोय, की शेजाऱ्याची आटवायला, हे मला तो दारात असतानाच कळायचं. विकायचो मी दोघांनाही. धंदाच तो." साडू हसले, नेहमीचे खळखळून नव्हे. "आत बायका खुशीत आहेत. मी काही विचारलं नाही, तुम्ही काही सांगितलं नाही."

"पुट माझा आहे," मायक्रोभाऊ म्हणाले. त्यांना हे म्हणायचे नव्हते, पण दुसरे काही सुचले नाही.

"तुमचाच आहे. आणि शेअर माझे. उद्या तुमच्या खात्यावर करतो, बाकी तुम्ही बघा."

"काही लिहून तरी घ्या माझ्याकडून."

"तुमच्याकडून?" साडूंनी त्यांच्याकडे वळून पाहिले. "तुम्ही मापात चुकणार नाही. मनात काय असायचं ते असो."

साडू आत गेले. मायक्रोभाऊ गॅलरीतच राहिले. साडूंना राग यावा अशी त्यांची इच्छा होती. या माणसाने आरडाओरडा केला असता, नाते तोडले असते, तर हिशेब निदान एका रेषेवर आला असता. पण समजून घेण्याचा मोठेपणाही पुन्हा याच्याच वाट्याला गेला होता. केस काळे, मुलगी पहिली, आणि आता वर हे.

बुधवारी सकाळी शेअर खात्यावर आले. मायक्रोभाऊंनी चष्मा पुसला आणि पडदा पाहिला. एका ओळीत पंप कंपनीचे दोन हजार शेअर, दुसऱ्या ओळीत आठ पुट. झाकण भांड्यावर कणभर फट न ठेवता बसले होते. ज्या शेअरांची त्यांनी एकेकाळी स्कूटर केली, तेच शेअर आज त्यांच्या खात्यात, त्यांच्या नावावर होते. त्यांनी ते बराच वेळ नुसते पाहिले.

मग डोके आपल्या सवयीने चालू लागले. साडूंना शेअरचा आजचा बाजारभाव दिला, तर व्यवहारात काहीही गैर नव्हते. शेअर त्यांचे, त्यांची किंमत त्यांना मिळाली. पुट आपला, त्याचा फायदा आपला. कोणताही हिशेबतपासनीस यावर खूण करून सही करील. थोरलीला सांगायचे, 'वाचवता आले तेवढे वाचवले'. धाकटी चौथ्या मजल्यावर राहील, पण ती तर आधीही राहतच होती. आणि साडू? साडूंना सगळे कळेल, आणि ते एक शब्द बोलणार नाहीत.

मायक्रोभाऊ तिथे अडखळले. साडू बोलणार नाहीत. येतील, चहा पितील, 'बाजारच तो' म्हणतील, आणि हसतील. पुढची सगळी वर्षे तो हसरा मोठेपणा समोरच्या खुर्चीत बसलेला पाहायचा. गुडघ्यांचा विचार त्यांच्या मनात आला नाही असे नाही; आला होता, चढणाऱ्या पायांसकट आला होता. पण तराजू झुकवला तो या दुसऱ्या विचाराने. त्या माणसाच्या मोठेपणात आपल्या खर्चाने आणखी भर घालायची नाही, असे त्यांनी ठरवले आणि फोन उचलला.

"शेअर देऊन टाका," ते डीलर मुलीला म्हणाले. "सगळे."

"दोन हजार शेअर, आठ पुटपोटी, ठरलेल्या भावाला. बरोबर, सर?"

"बरोबर."

पैसे आले त्याच दिवशी त्यांनी ते साडूंच्या खात्यात भरले, शेवटच्या पैशापर्यंत.

तळमजल्याच्या घरात सामान लागल्यावर साडूंनी दोघांना बोलावले. खोल्या लहान होत्या, भिंतींना नव्या रंगाचा वास होता. धाकटी दारातून अंगणात आणि अंगणातून दारात उगीचच चार वेळा गेली. थोरली तिच्यामागे फिरत होती आणि भेटेल त्या शेजारणीला सांगत होती, "आमच्या ह्यांनी विमा काढून ठेवला होता ना, म्हणून. कुणाला पत्ताही लागू दिला नाही."

मायक्रोभाऊ हे दुरून ऐकत होते. थोरलीच्या बोलण्यातला तो माणूस, जो गुपचूप स्वतःच्या खिशातून मेहुणीसाठी हप्ता भरतो, तो त्यांना मनापासून आवडला असता. त्यांना त्याचाही हेवा वाटला.

निघायच्या वेळी साडूंनी एक पाकीट पुढे केले. "हप्त्याचे पैसे. तुम्ही भरलेत ते."

"हे काय भलतंच!" थोरली मध्ये पडली. "अहो, ठेवा ते. घरातल्या घरात कसला हप्ता? हे नाही घेणार."

सगळे मायक्रोभाऊंकडे पाहत होते. नाही म्हणणे फार सोपे होते. एक हात हलवला की शेजारणींसकट सगळ्यांसाठी ते कायमचे मोठे झाले असते. साडू मात्र हात पुढे धरून थांबले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर यावेळी हसू नव्हते.

मायक्रोभाऊंनी पाकीट घेतले. उघडून धनादेश पाहिला, आकडा आणि अक्षरे ताडून पाहिली.

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि खिशात ठेवले.

थोरलीचा चेहरा उतरला. धाकटी दुसरीकडे पाहू लागली. साडूंनी मात्र सुटकेचा श्वास टाकावा तसे खांदे सैल सोडले आणि हळूच म्हणाले, "आता विमा माझा झाला."

"तुझाच होता," मायक्रोभाऊ म्हणाले. इतक्या वर्षांनी तोंडून 'तू' निघाला, आणि साडूंनी तो दुरुस्त केला नाही.

रस्त्याला लागल्यावर थोरली उसळली. "एवढं डोंगराएवढं केलंत आणि शेवटी हप्त्यात अडकलात! चारचौघांत पाकीट उघडून पाहिलंत! मायक्रोमीटर तो मायक्रोमीटरच."

वळणावर मायक्रोभाऊंनी मागे पाहिले. धाकटी अंगणात खुर्ची टाकून बसली होती आणि साडू तिच्या पायांशी स्टूल सरकवत होते. कलत्या उन्हाचा एक पट्टा थेट त्यांच्या दारापर्यंत गेला होता.

"त्यांच्याकडे ऊन किती वेळ राहतं बघ," ते म्हणाले. "आपल्याकडे येतच नाही."

"झालं सुरू!" थोरलीने कपाळाला हात लावला. "पोटात दुखतंय का?"

मायक्रोभाऊ दोनचार पावले चालले.

"हो," ते म्हणाले. "पित्त नाही. तीन महिन्यांपूर्वी तो पुट घेतला ना, त्या दिवशी तर फारच दुखत होतं."

थोरली पुढे गेली होती. ती थांबली, आणि मागे वळून त्यांच्याकडे पाहत राहिली.